रकान्याभोवतीची हरवलेली रेघ

उत्पन्नाच्या दाखल्याचे किंवा जातीच्या प्रमाणपत्राचे अर्ज भरून देणाऱ्या सेतू केंद्रातील सराईत ऑपरेटरच्या हातांकडे पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्याचा हात माऊसकडे क्वचितच वळतो. नाव टंकून झाले की टॅबची कळ, वडिलांचे नाव झाले की पुन्हा टॅब. मग गाव, तालुका, पिनकोड. नजर बहुतेक वेळ समोरच्या कागदावर आणि अधूनमधून पडद्यावर. पडद्याकडे पाहताक्षणी आपण कोणत्या रकान्यात आहोत हे त्याला कळते, ते त्या रकान्याभोवती उमटलेल्या एका रेघेमुळे.

ही रेघच नाहीशी झाली तर? मजकुराच्या रकान्यात निदान लुकलुकणारा कर्सर तरी असतो. पण ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ यांपुढील गोल खुणा, जिल्ह्यांची यादी, ‘वरील अटी मान्य आहेत’ या वाक्याशेजारचा छोटा चौकोन, आणि सर्वांत शेवटी शेजारी शेजारी बसवलेली ‘सादर करा’ व ‘रद्द करा’ ही दोन बटणे, यांपैकी कशातही कर्सर नसतो. रेघ नसेल तर एंटर दाबल्यावर अर्ज पुढे जाणार की अर्ध्या तासाची मेहनत पुसली जाणार, हे एंटर दाबल्यावरच कळायचे! ऑपरेटरकडे निदान माऊसचा पर्याय असतो. हाताला कंप असलेल्या, पक्षाघाताने एक हात निकामी झालेल्या किंवा मनगटाच्या दुखण्यामुळे माऊस धरू न शकणाऱ्या माणसाकडे तोही नसतो. पडद्याचा एक कोपरा अनेक पटींनी मोठा करून वाचणाऱ्या अल्पदृष्टी व्यक्तीचा तर सारा प्रवासच या रेघेच्या आधाराने चालतो.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. ही सोय अंधांसाठी आहे असे अनेक संकेतस्थळ-निर्माते समजतात. पूर्णतः अंध व्यक्तीला स्क्रीन रीडर रकान्याचे नाव बोलून सांगतो. रेघेची गरज त्यांच्यापेक्षा डोळ्यांनी पाहणाऱ्या, परंतु कळफलकावर अवलंबून असणाऱ्या माणसांना अधिक आहे.

फोकस म्हणजे नेमके काय?

संगणकाच्या पडद्यावर शंभर गोष्टी दिसत असल्या, तरी दाबलेल्या कळीचे अक्षर त्यांपैकी एकाच गोष्टीकडे जाते. ज्या घटकाकडे ते जाते त्याच्याकडे त्या क्षणी ‘फोकस’ आहे असे म्हणतात. पानावर एका वेळी फोकस एकाच घटकावर असतो. टॅब दाबली की तो पुढच्या घटकावर जातो, शिफ्ट धरून टॅब दाबली की मागच्यावर. रकाने, बटणे, याद्या आणि दुवे यांना फोकस आपोआप मिळतो. साध्या परिच्छेदाला किंवा चित्राला मिळत नाही. पुढे सरकण्याचा क्रम एचटीएमएलच्या फाइलीत घटक ज्या क्रमाने लिहिले आहेत तोच असतो. पडद्यावर ते कोठे मांडले आहेत, याच्याशी त्याचा संबंध नसतो. डावीकडचा रकाना शैलीच्या जोरावर उजवीकडे नेला, तर फोकस डोळ्यांना उलटसुलट उड्या मारताना दिसतो, त्याचे कारण हेच.

पानाचा आशय एचटीएमएलमध्ये आणि त्याचे रूप सीएसएसमध्ये, ही विभागणी आता जुनी झाली. सीएसएसची कल्पना हॉकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि तिची पहिली प्रमाण आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात न भेट दिलेले दुवे, भेट दिलेले दुवे आणि दाबले जात असलेले दुवे यांना वेगळे रूप देता येत असे, पण फोकसचा उल्लेख नव्हता. मे १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीने ‘होव्हर’ आणि ‘फोकस’ असे दोन नवे सिलेक्टर दिले. माऊसचा बाण घटकावर आला की पहिला लागू होतो, घटकाकडे फोकस आला की दुसरा.

त्यांची मांडणी सोपी आहे. ‘इनपुट:फोकस’ असे लिहून पुढे महिरपी कंसात हवे ते रूप द्यावयाचे. (प्रत्यक्ष फाइलीत हे सारे रोमन लिपीत लिहावे लागते, हे सांगणे न लगे.) अपूर्णविरामानंतरचा शब्द घटकाची त्या क्षणीची अवस्था सांगतो. रकान्यात फोकस आला की नियम लागू होतो, गेला की आपोआप मागे घेतला जातो. त्यासाठी जावास्क्रिप्टची एकही ओळ लागत नाही.

निदान तसे अपेक्षित होते. वस्तुतः २००१ मध्ये आलेल्या आणि पुढे कित्येक वर्षे भारतातील कार्यालयांवर राज्य केलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ला हा सिलेक्टर समजतच नव्हता. सातव्या आवृत्तीलाही नाही. मार्च २००९ मधील आठव्या आवृत्तीत तो प्रथम चालू लागला. दरम्यानच्या काळात फॉर्म रचणाऱ्यांना प्रत्येक रकान्याला जावास्क्रिप्ट जोडून फोकस येताच एक वर्गनाम चिकटवावे आणि जाताच ते काढून घ्यावे लागे. त्या काळचे कित्येक सरकारी व बँकांचे फॉर्म या खटाटोपावर चालत. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने निवृत्त केला, पण तेव्हाच्या सवयी मात्र सगळ्याच निवृत्त झाल्या नाहीत.

रेघ कोणी पुसली?

त्या सवयींपैकी सर्वांत घातक सवय म्हणजे ही रेघ मुद्दाम काढून टाकणे. ब्राऊझर फोकस असलेल्या घटकाभोवती स्वतःहून रेघ काढतो. पूर्वी ती ठिपक्यांची असे, आता बहुधा निळी किंवा काळी-पांढरी असते. दोन हजारच्या दशकात माऊसने दुव्यावर किंवा चित्रावर टिचकी मारली तरी ठिपक्यांची ही चौकट उमटे आणि देखण्या मांडणीवर ओरखडा उठावा तशी दिसे. ग्राहक तक्रार करी, रचनाकार ती काढून टाकी. काही जण दुव्याला फोकस मिळताच तो हिसकावून घेणारी जावास्क्रिप्ट लिहीत. म्हणजे रेघेबरोबर फोकसही गेला, आणि कळफलक वापरणाऱ्याचा त्या पानावरचा मार्गच बंद झाला. रोग्यासह रोग नाहीसा करण्याचा हा प्रकार होता.

दुसरा मार्ग सीएसएसचा. ‘आउटलाइन’ या गुणधर्माचे मूल्य शून्य किंवा ‘नन’ ठेवले की काम झाले. येथे एरिक मेयर यांच्या प्रसिद्ध ‘रिसेट’ फाइलीची कथा सांगण्यासारखी आहे. निरनिराळ्या ब्राऊझरांची मूळ रूपे पुसून सर्वांना कोऱ्या पाटीवर आणावे, या हेतूने त्यांनी २००७-०८ च्या सुमारास ही छोटीशी फाइल सर्वांसाठी खुली केली. तिच्यात फोकसची बाह्यरेषा शून्य करणारा नियम होता आणि त्याच्या डोक्यावर फोकसचे स्वतःचे रूप ठरवण्यास विसरू नका, अशी टीपही होती. जगभरातील असंख्य संकेतस्थळांनी फाइल उचलली. टीपही उचलली गेली, पण वाचली गेली नाही. अखेर २०११ च्या सुधारित आवृत्तीतून मेयर यांनी तो नियमच काढून टाकला. तोवर मात्र जुन्या फाइलीच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. आजही एखाद्या फॉर्ममध्ये टॅब दाबल्यावर पडद्यावर काहीच हालचाल दिसत नसेल, तर शैलीच्या फाइलीत ही ओळ शोधावी. ती बहुधा सापडतेच.

रेघ नको असणाऱ्या रचनाकारांची तक्रार अगदीच चुकीची होती, असेही नाही. माऊसने बटण दाबणाऱ्याला आपण कोठे आहोत हे ठाऊकच असते. त्याला चौकट अनावश्यक वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की ‘फोकस’ या सिलेक्टरला फोकस माऊसने आला की कळफलकाने, हा भेद करता येत नाही. तो भेद करणारा ‘फोकस-व्हिजिबल’ हा सिलेक्टर पुढे आला. क्रोममध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये, फायरफॉक्समध्ये जानेवारी २०२१ मध्ये आणि सफारीमध्ये मार्च २०२२ मध्ये तो दाखल झाला. वापरणाऱ्याला रेघेची गरज आहे असे ब्राऊझरला वाटले, तरच हा नियम लागू होतो. टॅबने बटणावर आलात तर रेघ दिसेल, टिचकीने आलात तर दिसणार नाही. मजकुराच्या रकान्याला मात्र अपवाद आहे. तेथे टिचकीने फोकस आला तरी पुढचे काम कळफलकाचेच असल्याने नियम लागू होतोच. ब्राऊझर आपली मूळ रेघ काढतानाही आता हाच सिलेक्टर वापरतात. म्हणजेच ज्या कारणासाठी ती पुसली जात होती ते कारणच उरलेले नाही. तरीही ती पुसण्याची प्रथा चालू आहे, यास सवयीखेरीज दुसरे स्पष्टीकरण देता येत नाही.

जुन्या ब्राऊझरांसाठी दोन्ही सिलेक्टर लिहायचे असतील, तर ते स्वल्पविरामाने जोडून एका नियमात घालू नयेत. यादीतील एक जरी सिलेक्टर ब्राऊझरला समजला नाही, तरी तो सगळा नियमच टाकून देतो.

कडा जाड करावी की बाहेर रेघ ओढावी?

रकाना उठून दिसावा म्हणून बहुतेक जण त्याची कडा, म्हणजे ‘बॉर्डर’, जाड करतात. एक पिक्सेलची कडा तीन पिक्सेलची केली की रकाना सर्व बाजूंनी दोन पिक्सेल फुगतो आणि त्याखालचे सारे रकाने किंचित खाली सरकतात. टॅब दाबावी आणि पान थरथरावे, असा तो अनुभव असतो. रकान्याची बाहेरची उंची पक्की बांधून ठेवली, तर कडा आतल्या बाजूस वाढते आणि अक्षरांची जागा खाते. रोमन अक्षरांना ते एक वेळ चालून जाते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा व रफार आणि खाली उकार असतात. ‘कुलकर्णी’ टंकताना वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही छाटले गेलेले फॉर्म मराठी माणसाने पाहिलेले आहेत.

‘आउटलाइन’चे तसे नाही. ही रेघ कडेच्या बाहेर, मांडणीच्या वर तरंगते. ती जागा घेत नाही आणि कोणाला ढकलतही नाही. ‘आउटलाइन-ऑफसेट’ने तिच्यात व कडेत दोन पिक्सेलची फट ठेवली, तर ती अधिक स्पष्ट होते. काही रचनाकार तिच्याऐवजी सावली, म्हणजे ‘बॉक्स-शॅडो’, वापरतात. ती दिसायला मऊ असते खरी. परंतु विंडोजमध्ये ज्यांनी उच्च विरोधाची रंगसंगती निवडलेली असते, त्यांच्या पडद्यावर सावल्या काढून टाकल्या जातात आणि फोकसची खूणही जाते. ज्याला खुणेची सर्वाधिक गरज, त्याच्याकडूनच ती हिरावली जावी! यावर एक सोपी युक्ती आहे. सावलीबरोबर दोन पिक्सेलची पारदर्शक आउटलाइनही द्यावी. नेहमीच्या पडद्यावर ती दिसत नाही; उच्च विरोधाच्या संगतीत विंडोज सर्व रेघांना स्वतःचा रंग देते, तेव्हा ती पारदर्शक रेघ ठळक होऊन उभी राहते.

रंगाची निवड हा स्वतंत्र विषय आहे. फोकस येताच रकाना फिकट पिवळा करण्याची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. ती दिसते प्रसन्न, पण तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. दोन रंगांमधील विरोध मोजण्याचे एक गणित आहे. त्यानुसार काळे-पांढरे यांचे गुणोत्तर २१ ला १ येते. शुद्ध निळा आणि पांढरा यांचे साडेआठाच्या वर. भडक पिवळा आणि पांढरा यांचे केवळ १.०७! फिकट पिवळा तर त्याहूनही कमी. खुणेसाठी किमान ३ ला १ हे गुणोत्तर मानले जाते. पिवळी पार्श्वभूमी हवीच असेल तर ठेवावी, मात्र तिच्याभोवती गडद रेघ असावी.

शेजारी आणि आईबाप

फोकसचा परिणाम केवळ त्या रकान्यापुरता राहावा असे नाही. पिनकोडच्या रकान्यात येताच ‘फक्त सहा अंक’ ही सूचना शेजारी दिसावी, असे वाटत असेल, तर ‘इनपुट:फोकस’नंतर अधिकचे चिन्ह आणि त्यापुढे सूचनेचे वर्गनाम लिहावे. हे चिन्ह रकान्याच्या लगेच पुढे असलेल्या भावंडाला निवडते. सूचना पूर्णपणे दडवून ऐन वेळी दाखवली, तर खालचे रकाने पुन्हा खाली ढकलले जातात. म्हणून तिची जागा राखून ठेवून फक्त दृश्यता बदलणे शहाणपणाचे.

या पद्धतीला एक मोठी मर्यादा होती. ती पुढच्या भावंडापर्यंतच पोचे. रकान्याचे नाव सांगणारे लेबल बहुधा रकान्याच्या आधी असते, आणि सीएसएसला मागे वळून पाहता येत नसे. रकान्याला कवेत घेणाऱ्या वडील-घटकाला रंग देणेही अशक्य होते. ‘फोकस-विदिन’ या सिलेक्टरने ही कोंडी फोडली. आतील कोणत्याही घटकाकडे फोकस असेल, तर बाहेरच्या घटकाला तो लागू होतो. २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स व सफारी यांनी त्याला स्थान दिले. एजमध्ये तो २०२० च्या जानेवारीत आला. लांबलचक अर्जात याचा उपयोग मोठा आहे. ‘कायमचा पत्ता’ आणि ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ हे दोन गट एकाखाली एक असतात, त्यांतील रकान्यांची नावे सारखीच असतात आणि घाईत एकाचा मजकूर दुसऱ्यात जातो. ज्या गटात फोकस आहे त्या संपूर्ण गटाच्या डाव्या कडेला जाड पट्टी दिली, की ही चूक पुष्कळ टळते. टॅबने आत शिरताच मेनू उघडा राहावा, यासाठीही हाच सिलेक्टर कामी येतो.

त्यानंतर आलेला ‘हॅज’ हा सिलेक्टर तर अधिकच सामर्थ्यवान आहे. डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्सने तो स्वीकारल्यापासून तो सर्व प्रमुख ब्राऊझरांत चालतो. ‘ज्या लेबलानंतर फोकस असलेला रकाना आहे ते लेबल’ अशी निवडही त्याने करता येते.

चुकीच्या मजकुराला लाल रंग देणाऱ्या ‘इनव्हॅलिड’ या सिलेक्टरबाबत मात्र जपून राहावे. आवश्यक रकाना रिकामा असताना तो अवैधच ठरतो, त्यामुळे पान उघडताच, अर्जदाराने एक अक्षरही टंकण्याआधी, सारा फॉर्म लालेलाल होतो. परीक्षेचा पेपर हाती देतानाच चुकांच्या खुणा करून ठेवाव्यात तसे हे झाले. माणसाने रकाना भरून झाल्यावरच लागू होणारा ‘यूजर-इनव्हॅलिड’ २०२३ च्या अखेरीपर्यंत सर्व प्रमुख ब्राऊझरांत आलेला आहे, तो वापरावा.

नियम काय सांगतात?

संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूथ्रीसीच्या मार्गदर्शक तत्त्वांत फोकस दिसलाच पाहिजे, ही अट डिसेंबर २००८ पासून आहे. तिचा क्रमांक २.४.७ आणि दर्जा दुहेरी ए. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीने आणखी एक अट घातली. फोकस असलेला घटक पानावरील दुसऱ्या एखाद्या पट्टीखाली पूर्णपणे झाकला जाता कामा नये. पानाच्या माथ्यावर चिकटून राहणारे मथळे आणि तळाशी ठाण मांडून बसणारी ‘कुकीज’ची सूचना यांमुळे ही अट आवश्यक झाली. शिफ्ट-टॅबने वर येताना रकाना मथळ्याखाली दडतो आणि अर्जदार त्याला शोधत बसतो. मथळ्याच्या उंचीइतके ‘स्क्रोल-पॅडिंग’ दिल्यास हा दोष दूर होतो. रेघ किमान दोन पिक्सेल जाडीची असावी आणि फोकस येण्यापूर्वीच्या व नंतरच्या रूपात ३ ला १ इतका विरोध असावा, असेही त्याच आवृत्तीत म्हटले आहे. मात्र ते सर्वोच्च, तिहेरी ए दर्जासाठी.

भारतात शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये आली आणि २०२३ मधील तिसऱ्या आवृत्तीने डब्ल्यूथ्रीसीच्या २.१ आवृत्तीतील दुहेरी ए दर्जा आधारभूत मानला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही माहिती-तंत्रज्ञानाची सुगमता हे बंधन घातले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातील पीडित व दृष्टिहीन व्यक्तींच्या ई-केवायसीविषयी होते. बँक खाते किंवा सिमकार्ड मिळवण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्या अडवणुकीचा तो प्रश्न होता. टॅबच्या रेघेचा त्यात थेट उल्लेख नसला, तरी अर्जाच्या पानावरच माणूस अडू नये, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

एखादा फॉर्म या कसोटीस उतरतो की नाही, हे पाहण्यास तज्ज्ञ लागत नाही. माऊसची वायर काढून ठेवावी, पान उघडावे आणि केवळ टॅब, शिफ्ट-टॅब, बाणांच्या कळा, स्पेस व एंटर यांच्या बळावर अर्ज शेवटपर्यंत भरावा. (मॅकवरील सफारीत दुव्यांपर्यंत टॅबने जाण्यासाठी आधी सेटिंग्जमध्ये तसा पर्याय निवडावा लागतो.) प्रत्येक टॅबनंतर फोकस कोठे आहे हे हातभर अंतरावरून दिसले पाहिजे. नंतर पान दुप्पट मोठे करून तेच पुन्हा करावे. बहुतेक फॉर्म मजकुराच्या रकान्यांत उत्तीर्ण होतात. दांडी उडते ती स्वतः रंगवलेल्या गोल खुणांत आणि चौकोनांत, कारण तेथे मूळ खूण दडवून तिच्या जागी चित्र ठेवलेले असते. फोकस दडलेल्या खुणेला मिळतो आणि चित्र ढिम्म राहते. दडलेल्या खुणेला ‘फोकस-व्हिजिबल’ आणि त्यापुढे अधिकचे चिन्ह लावून शेजारच्या चित्राभोवती रेघ काढली, की चित्रही बोलू लागते. तीन ओळींचे काम आहे.